ओझ्याची वाट

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, झेपेल ना?" विचारणारी व्यक्ती बहुधा पन्नाशीच्या आसपासची, डॉक्टरांनी नुकतंच 'चालत जा' असं सांगितलेली आणि सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारून कंटाळलेली असते. आम्ही पत्रकात नाणेघाटापुढे 'मध्यम' असं लिहितो. सोपं लिहिलं तर लोक चपला घालून येतात, अवघड लिहिलं तर येतच नाहीत. फोनवर मी एवढंच सांगते: जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागत नसेल तर जमेल. थांबावं लागत असेल तरी जमेल, पण आधी महिनाभर तो जिना रोज चढा.

हे काम मी नोकरी सोडल्यावर धरलं. कल्याणात एका कचेरीत हिशेब लिहीत होते आणि सुटीच्या दिवशी डोंगर गाठत होते. पुढे आमच्यातल्या काही जणांनी चाळिशीपुढच्या लोकांना घाटवाटांवर न्यायचं ठरवलं, आणि पुढे कोण चालणार असा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ले दाखवणारे पुष्कळ आहेत. किल्ल्यावर दाखवायला दरवाजा असतो, बुरूज असतो, नशीब असेल तर एखादी तोफ. घाटवाटेत दाखवायला वाटच असते, आणि ती पायाखाली असल्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्याकडे बघायला लावणं हे माझं काम. आणि अर्थात सगळ्यांना धडधाकट वर पोचवणं.

कल्याणची असल्यामुळे नाणेघाटाबद्दल मला जरा घरची माया आहे. ही वाट आमच्या खाडीपासून निघते असं मी गटाला सांगते, आणि त्यात फारशी फुशारकी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ते पुस्तक ओळखलं जातं. त्यात सोपाऱ्याचं नाव आहे, कल्याणचंही आहे, आणि कल्याणबद्दल एक तक्रार आहे: पूर्वी इथे रीतसर बाजार भरायचा, आता राजा बदलल्यावर अडवणूक होते, ग्रीकांचं जहाज येऊन लागलंच तर पहारा बसवून भडोचला धाडतात. दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणला उतरणाऱ्याचे हालच व्हायचे, हे ऐकून पहाटेच्या लोकलने आलेली मंडळी एकदम खूश होतात. त्याच पुस्तकात पैठण आहे आणि तगर, म्हणजे आजचं तेर, तेही आहे. एकीकडे ही घाटावरची शहरं, दुसरीकडे समुद्र, आणि मधे सह्याद्री आडवा. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नर आणि जुन्नरहून पैठण अशी जी व्यापाराची वाट होती, तिच्यातली चढण म्हणजे नाणेघाट.

मुरबाड, टोकावडे, वैशाखरे. माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे गाडी सोडतो तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा हंगाम. रस्त्यावर उभं राहिलं की समोर कड्याची भिंत दिसते, तिच्यात एक खाच, आणि खाचेच्या बाजूला उठलेला नानाचा अंगठा. नवीन माणूस आधी भिंत बघतो, मग माझ्याकडे बघतो. "इथनं वर?" इथनंच.

निघण्याआधी दोन गोष्टी तपासते, बूट आणि वास. बुटाचा तळ हाताने वाकवून बघते, कारण वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा डिंक वाळलेला असतो आणि पहिल्या तासाभरात तळ जबडा उघडतो. माझ्या सॅकमध्ये क्रेप बँडेज आणि मीठ-साखरेच्या पुड्यांच्या शेजारी सुतळीचं बंडल कायम असतं. तळ निघालाच तर बुटाच्या नाकाला दोन वेढे, मग घोट्यामागून एक, आणि गाठ वरच्या बाजूला, लेसवर. गाठ खाली आली तर दगडाला घासून शंभर पावलांत तुटते. वासाचं म्हणजे, अत्तर किंवा स्प्रे मारून आलेल्याला तोंड-मान धुवायला लावते. कड्याला आग्या मोहोळं असतात. माश्या उठल्या तर 'मध्यम' वगैरे काही राहत नाही. काही बायकांना हे फार लागतं. लागू दे.

पहिला बराच वेळ चाल सपाटीची आहे. रानातून, ओढ्याच्या काठाकाठाने. इथे मी मुद्दाम रेंगाळते आणि गटातल्या एखाद्या गृहस्थांना ते सहन होत नाही. ते रोज पहाटे पळतात, मनगटावर घड्याळ असतं, त्यात ठोके दिसतात. ते माझ्या पुढे जातात. त्यांना मी थांबवत नाही; गोड बोलून पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या त्यांच्या सॅकमध्ये भरते. पाच-सहा किलो पाठीवर आले की माणूस आपोआप गटात येतो. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, पण ती लागू पडल्यावर माझं वाटेकडे बघणं बदललं. पाठीवर ओझं आलं की माणूस पाऊल कुठे टाकतो, वळण कुठून घेतो, कुठे थांबतो, सगळंच बदलतं. आणि ही वाट ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर मोकळ्या हातांनी चालणारा माणूस नव्हताच.

लादलेला बैल डोळ्यांसमोर आणा. पाठीच्या दोन्ही अंगांना गोण. अंगापेक्षा तो रुंद झालेला. असे पाच-पन्नास बैल एकामागे एक. त्यांना खडी उभी चढण चालत नाही, चढताना गोण मागे सरकते आणि उतरताना मानेवर येते. अरुंद वळणावर गोण कड्याला घासते. सैल दगडावर खूर घसरतो. म्हणजे वाट आडवी-आडवी चढत न्यायला हवी, वळणाच्या जागी रुंदी हवी, पायाखाली घट्ट दगड हवा आणि ठरावीक अंतरावर पाणी हवं. झाडीतली चढण सुरू झाली की मी गटाला हे चार मुद्दे देते आणि म्हणते, आता तुम्हीच शोधा. मग मान वर करून शिखर बघणारे लोक खाली बघायला लागतात. बसवलेले दगड दिसतात. उताराच्या बाजूला मोठे दगड एकावर एक रचून केलेला बांध दिसतो, चुना नाही, माती नाही, नुसत्या वजनावर उभा. पायऱ्या दिसतात, उंचीला कमी आणि खोलीला जास्त. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई म्हणाल्या होत्या, "अहो, आमच्या स्टेशनचा पूल यापेक्षा वाईट आहे." मला ते पटलं. स्टेशनचा पूल ओझंवाल्याचा विचार करून बांधलेला नसतो.

यातला कुठला दगड सातवाहनांचा आणि कुठला पेशवाईतला, असं मला विचारतात. दगडावर तारीख नसते. शिवाय तो प्रश्नच वाटेला लागू होत नाही. लेणं एकदा खोदून झालं की झालं. वाट दर पावसाळ्यात वाहून जाते आणि दर दिवाळीला पुन्हा बांधावी लागते. इथला पाऊस कोकणातला, हजारो मिलिमीटरचा, आणि चढ असा की पाण्याला धावायला मोकळं रान. एखाद्या वाटेचं वय दोन हजार वर्षं आहे याचा अर्थ तेवढे पावसाळे कुणी ना कुणी दगड परत जागेवर लावला असा होतो. राजाचं नाव भिंतीवर राहिलं, दगड लावणाऱ्याचं राहिलं नाही. असं म्हणून लगेच गळा काढायचीही मला सवय नाही. त्याला मजुरी मिळत असेल अशी आशा धरावी.

जुनी वाट आणि नवी पायवाट यांतला फरक इथे उघड्यावर शिकायला मिळतो. जुनी वाट वळसा घेते. शनिवार-रविवारची पोरं तो वळसा कापून सरळ वर चढतात. दोन वळणांच्या मधे तांबड्या मातीचा एक ओरखडा पडतो. पुढच्या पावसात पाणी तोच ओरखडा धरतं, कारण पाण्यालाही सरळ रेषा आवडते. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर नाळ तयार होते, तिच्यातून आलेले धोंडे खालच्या वळणावर जुन्या फरसबंदीवर साचतात, आणि मग लोकांना खरी वाट नाळेचीच वाटते. मी काठी आडवी धरून गटाला वळशानेच नेते. अंतर वाढतं. कुरकुर होते. पण वळशाने गेलेल्यांचे गुडघे दुसऱ्या दिवशी कमी दुखतात, हे मला त्यांचेच फोन येऊन कळलेलं आहे.

चढणीत मधे कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. इथे थांबायचं की नाही हे मी ठरवत नाही, टाकीच ठरवतात. जिथे धाप लागते नेमकं तिथेच ती आहेत. ती खोदणाऱ्याला चढणाऱ्याची धाप माहीत होती. आम्ही चिक्की, भाजलेले शेंगदाणे, संत्री काढतो. संत्र्याची सालं परत पिशवीत, हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

आणि मग लेणं. मोठी चौकोनी खोली, तिन्ही बाजूंना भिंतीलगत दगडी बाक, आणि भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. बाहेरच्या उन्हातून आत आलं की काही क्षण काहीच दिसत नाही. मग अक्षरं हळूहळू वर येतात. सातवाहन राणी नागनिका, राजा सातकर्णीची पत्नी, हिचा हा लेख. भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. सुरुवातीला देवांना वंदन आहे: धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, चार लोकपाल. पुढे केलेल्या यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा. अश्वमेध आहे, राजसूय आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वरची नावं उरली आहेत, सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिकाच) आणि राजा सातकर्णी, आणखी राजकुमार, एक महारठी, आणि खाली पावलांच्या खुणा. घाटात राजघराण्याची पावलंच तेवढी शिल्लक राहावीत हा योगायोग इतका नेटका आहे की त्यावर मी गटाला काही बोलू देत नाही. कुणीतरी बोलतंच.

इतिहासाचे अभ्यासक या लेखाकडे राजघराण्याची वंशावळ म्हणून बघतात, धर्माचे अभ्यासक वैदिक यज्ञांचा आणि वासुदेव-संकर्षणांच्या पूजेचा जुना पुरावा म्हणून. मी जन्मभर खतावण्या लिहिल्या, मला यात हिशेब दिसतो. इतक्या गायी, इतके घोडे, हत्ती, इतकी कार्षापण नाणी. आणि ते आकड्यांत. अक्षरी नव्हे, अंकांत! एक, दोन, चार, सहा, सात, नऊ यांना चिन्हं आहेत. दहाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही, त्यामुळे अंकाची जागा बदलून किंमत बदलायची सोय नाही. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडायचं. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी या अंकांवर काम केलं, आणि भारतातल्या आकड्यांच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव कायमचं आलं. वा. वि. मिराशींच्या सातवाहनांवरच्या मराठी ग्रंथात हे लेख आहेत. माझ्या बरोबरच्या दोघी-तिघींनी घरी जाऊन तो ग्रंथ वाचनालयातून काढला, याचा मला पगारवाढीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

पण मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. एवढा खर्च राणीने इथेच का कोरून ठेवला? राजधानीत नाही, देवळात नाही, घाटाच्या तोंडाशी, जिथे लमाणी, व्यापारी, हमाल, घामेघूम झालेला प्रत्येक जण टेकायला बसणार. मला वाटतं, म्हणूनच. ज्यांच्या मालावर जकात घ्यायची त्यांच्याच डोळ्यांसमोर, ती घेणाऱ्या घराण्याची श्रीमंती आणि पुण्याई मांडून ठेवायची. माल उतरवून बसलेल्या माणसाला वाचता येत नसलं तरी आठ भव्य मूर्ती दिसत होत्या. हे माझं अनुमान आहे, हिशेबनिसाचं. विद्वानांनी हसावं.

लेण्याच्या वर वाट एका अरुंद घळीत शिरते. दोन्ही बाजूंना कातळ, मधे दगड मांडलेले, एका वेळी एकच ओळ जाईल एवढी रुंदी. जकात घ्यायची तर महाराष्ट्रात याहून चांगली जागा सापडणार नाही, कारण चुकवून जायला दुसरीकडून रस्ताच नाही. घळीतून बाहेर आलं की पठार सुरू होतं आणि डाव्या-उजव्या अंगाला काही बघायच्या आधी समोर तो रांजण दिसतो. अखंड दगडाचा, पोट मोठं, तोंड गोल. जकातीची नाणी यात टाकत असत, असं सगळे सांगतात. मीही सांगते, 'असं सांगतात' एवढं जोडून. माझ्या गटात बँकेतून निवृत्त झालेलं कुणी ना कुणी असतंच आणि ते वाकून आत बघतात. आत कुरकुऱ्यांची पाकिटं असतात.

कारण वरच्या बाजूला जुन्नरहून डांबरी रस्ता आला आहे. पावसाळ्यात इथे वारा कड्याच्या खालून इतक्या जोरात उसळतो की पठारावरून खाली पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. तो उलटा धबधबा मोबाइलवर बघून हजारो माणसं गाड्या घेऊन येतात. त्या दिवसांत मी गट आणत नाही. एक तर कोकणाकडची चढण पावसात धोक्याची. दुसरं म्हणजे, पार्किंगच्या वादात उभं राहून नागनिकेबद्दल बोलणं मला जमत नाही. पण मी नाकही मुरडत नाही. गाडीने आलेला माणूस कड्यावरून खाली वाकून कोकण बघतो आणि विचारतो, "इथून खाली वाट आहे?" आहे म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यातले काही पुढे आमच्याकडे येतात.

वाट मेली कशी, याचं उत्तर मात्र पर्यटकांत नाही, चाकांत आहे. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. 1863 मध्ये तिथून रेल्वे वर गेली, दोन वर्षांनी थळघाटातून. बैलाच्या पाठीवरच्या गोणीचं गाडीच्या ओझ्यापुढे काय चालणार? पाठीवर माल वाहणारे तांडे हळूहळू दिसेनासे झाले, आणि ज्या घाटांत चाक चढू शकत नव्हतं ते घाट नकाशात मागे पडले. अगदी शेजारच्या माळशेजमधूनच पुढे मोटारीचा रस्ता गेला. ज्या वाटेसाठी शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन एवढे किल्ले पहाऱ्याला बसवले होते, तिच्यावर उरली फक्त दोन्ही बाजूंच्या गावांची ये-जा.

ही ये-जा मला घाटघरच्या मामांनी समजावून सांगितली. मामा महादेव कोळी, सत्तरीच्या आतबाहेर. आमचं जेवण त्यांच्या घरी असतं. पिठलं, नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, आणि मामींनी आग्रहाने वाढलेला भात, जो कुणालाच संपवता येत नाही. आमच्यातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना व्यापारी मार्गाबद्दल विचारलं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्यापार आम्हाला नाय म्हाईत. आमची बहीण खाली दिलीया." त्यांच्या लेखी नाणेघाट म्हणजे बहिणीच्या घरचा रस्ता. सोयरिकी घाटाच्या वर-खाली होत आल्या. लग्नाला वऱ्हाड उतरायचं, बाळंतिणीला माहेरी चढवून आणायचं, मयताला धावत जायचं. खालून मीठ आणि सुकी मासळी, वरून तांदूळ आणि हिरडा. हिरडा हा इथला रोख पैसा. कच्चा, बोटाच्या पेराएवढा असतानाच काढून वाळवला की तो बाळहिरडा, त्याला भाव जास्त. मामींनी सुपात वाळत घातलेले दाखवले, काळे, सुरकुतलेले, दाताखाली धरल्यावर तोंडातलं सगळं पाणी ओढून घेणारे. प्राध्यापकांनी एक चघळला आणि पुढची पाच मिनिटं व्याख्यान थांबलं.

दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे, पण पुण्याच्या परिसरातले डोंगर आणि घाट त्यांनी पायी धुंडाळले होते. लेणी ही व्यापारी वाटांच्या कडेला उभी राहिली आणि त्या वाटांच्याही आधी तिथे गुरं-मेंढरं हाकणाऱ्यांच्या वाटा होत्या, असं त्यांनी मांडलं. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर लेणी-कोरीव कामं आहेत आणि त्यांतल्या लेखांत दान देणारे धान्याचे व्यापारी आहेत, बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी आहे, यवनही आहेत. त्या यादीत बहिणीकडे जाणारा माणूस नाही. पण गुराखी वाट पाडतो, व्यापारी ती बांधतो, राजा तिच्यावर पट्टी बसवतो, आणि हे सगळे निघून गेल्यावर सोयरीक ती चालू ठेवते, असा क्रम मला मामांच्या पडवीत बसून दिसतो.

मात्र मामांना वाटेचं कौतुक नाही. आजारी माणूस डोलीत घालून खाली नेलेला त्यांना आठवतो. शेजारच्या दाऱ्या घाटातून मोटाररस्ता व्हावा अशी जुन्नरकडच्या लोकांची जुनी मागणी आहे. झाला तर कल्याण-मुंबई किती जवळ येईल हे मामा बोटांवर मोजून दाखवतात. प्राध्यापक म्हणाले, "पण मग ही शांतता जाईल." मामा म्हणाले, "तुम्ही ऱ्हाता का हितं?" मला यात मामांचीच बाजू घ्यावी लागते. मी या वाटेने हौसेने चढते आणि संध्याकाळी जुन्नरहून गाडीत बसून घरी जाते. ज्याला रोज ओझं वाहायचं आहे त्याने चाक मागितलं तर त्यात चूक काय? नागनिकेच्या काळात चाक चढवता आलं असतं तर तिनेही चढवलंच असतं. फक्त, रस्ता करताना कडे सुरुंगाने उडवून खालच्या गावांवर दरडी सोडू नयेत, एवढं म्हणणं माझं आहे. जुन्या आखणीवाल्यांनी पाण्याला जायला जागा ठेवली होती. ते ज्ञान फुकट उपलब्ध आहे.

मधल्या काळात वाटेचं काय, हा प्रश्न उरतोच. खालची-वरची ये-जा आता मोटारसायकलने, माळशेजचा वळसा घेऊन होते. तरुण मुलं घाट उतरत नाहीत. पावसाळा सरता सरता कारवी माजते, माणसाच्या वर जाते; वाटेवर झाडं आडवी पडतात, वळणावरचा बांध सुटतो. पूर्वी हे साफ करायला वेगळं कुणी लागत नसे. जाणारा-येणारा प्रत्येक जण कोयता घेऊनच असायचा, आणि सरकलेला दगड पायाने नीट करून पुढे जायचा. चालण्यातच दुरुस्ती होती. आमच्यासारखे लोक चालतात, पण कोयता नेत नाहीत, आणि सरकलेला दगड दिसला की त्याचा फोटो काढतात.

म्हणून काही वर्षांपूर्वी मी मामांशी व्यवहाराचं बोलले. दसऱ्यानंतर, पहिला गट यायच्या आधी, त्यांचा पुतण्या आणि आणखी दोघं तिघं रांजणापासून टाक्यांपर्यंत वाट साफ करतील, सुटलेला बांध रचतील. आम्ही त्यांना रोज देऊ. मामांनी आधी हसण्यावारी नेलं. वाट साफ करायचे पैसे? मग रोज किती यावर आम्ही अर्धा तास घासाघीस केली. मी जुन्या सवयीने कमी सांगितलं, त्यांनी शेतमजुरीचा भाव सांगितला, आणि मामींनी आतून आवाज देऊन तो आणखी वाढवला. मामींचा भाव ठरला. तरी गेल्या वर्षी पुतण्याने वळणावरचा एक बांध सिमेंटने बांधून ठेवला, चांगला टिकेल म्हणून. पहिल्याच पावसात पाणी त्याच्या मागे तुंबलं आणि तो अख्खा फुगून पडला. मामांनी त्याला सगळे तुकडे उचलायला लावले आणि कोरडे दगड रचून दाखवले: मोठा दगड खाली, निमुळतं तोंड आत, मधल्या फटी मोकळ्या. पाणी फटीतून जातं, दगड राहतो. मी वही काढून लिहून घेतलं.

हा खर्च प्रत्येकाच्या शुल्कात वेगळा दाखवते. पावतीवर गाडी, जेवण, विमा, आणि शेवटच्या ओळीत 'घाटपट्टी'. कुणी ना कुणी विचारतंच की ही कसली नवीन पट्टी. नवीन नाही म्हणून सांगते, आणि ऑनलाइन भरलीत तरी चालेल म्हणते.